पेत्राने मागे वळून पाहिलं

(चंद्रपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांच्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी भरपूर सांगितलं आहे. मी थेट विषयाला हात घालतो. आयोजकांनी विषय दिला तो असा: स्वतःला दुसऱ्याशी ताडून पाहण्याची खोड ख्रिस्ती श्रद्धेमुळे सुटते का? निमंत्रणपत्रिकेत शेवटचं प्रश्नचिन्ह छापायचं राहून गेलंय. मला मात्र ते हवं आहे, कारण याचं उत्तर नुसतं ‘हो’ असं देऊन मला घरी जाता येणार नाही.

समोर सगळे ख्रिस्ती नाहीत, हे मला दिसतंय. बौद्ध आहेत, हिंदू आहेत, गोंड समाजातले आहेत. तेव्हा मी चर्चमधलं प्रवचन देणार नाही. आमच्या घरात काय चालतं ते उघडपणे सांगतो. तुमच्या घराशी जुळलं तर बघा.

आपला हा मुलूख तुलनेच्या वहीत कायमचा नोंदलेला आहे. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि त्याच्या नावाला ‘मागास’, ‘दुर्गम’, ‘नक्षलग्रस्त’ अशी विशेषणं चिकटली. ती काढून नुसतं ‘गडचिरोली’ लिहिलं तर बातमीदाराला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. २०१८ साली केंद्र सरकारनं देशातले शंभरावर जिल्हे ‘आकांक्षित’ ठरवले. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद आणि गडचिरोली. तेव्हापासून नीती आयोग त्यांची क्रमवारी लावतो. कुपोषण मोजू नये, शाळेतली गळती मोजू नये असं मी म्हणणार नाही. मोजलं नाही तर औषधही येत नाही. पण त्या क्रमवारीखाली माणसं राहतात. कुणा कर्मचाऱ्यावर साहेबांची मर्जी खप्पा झाली की धमकी ठरलेली: गडचिरोलीला पाठवू. आपण जिथं जन्मलो ते गाव दुसऱ्या कुणाची तरी शिक्षा आहे, हे ज्या पोराला सातव्या-आठव्या वर्षी कळतं, ते पोरगं पुढं जन्मभर स्वतःकडे कुणाच्या डोळ्यांनी बघत असेल?

हे झालं जिल्ह्याचं. आता माणसाकडे या. दुर्गापूर, सास्ती, घुग्घुस, माजरी, कुठल्याही खाणीच्या फाटकावर शिफ्ट सुटताना उभे राहा. दोघं शेजारी शेजारी चालत येतात. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, दोघांच्या कानामागे तोच कोळसा. एक वेकोलिचा, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीचा परमनंट, दुसरा ठेकेदाराचा. एकाच गावचे, एकाच वर्गात शिकलेले. एकाच्या बापाची जमीन संपादनात गेली म्हणून घरी नोकरी आली. दुसऱ्याची जमीन धुऱ्यापलीकडे, संपादनाच्या रेषेबाहेर राहिली. ती वाचली म्हणून त्या वेळी त्याच्या आईनं नारळ फोडला होता. आज एकाचं दोन मजली घर आहे, दुसरा ठेका बदलला की नव्यानं कामाच्या शोधात निघतो. या दुसऱ्या माणसाला अंबानीचा हेवा वाटत नाही. त्याला झोप लागू देत नाही तो धुऱ्याअलीकडचा शेजारी. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली हेच शास्त्राच्या भाषेत मांडलं: माणूस स्वतःला जोखायला आपल्यासारखीच माणसं निवडतो. आमच्या बायाबापड्यांना हे फेस्टिंजरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. भाऊबंदकी भावाभावांतच होते.

अशा माणसाला चर्चमध्ये काय सांगतात? बहुतेक वेळा एकच: देवानं दिलंय त्यात समाधान मान. आणि जोडीला: तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढणारे किती आहेत ते बघ. हा दुसरा सल्ला मला फार खटकतो. वर बघू नको म्हणतात आणि खाली बघ म्हणतात. म्हणजे तुलना सुटली कुठं? तिचं फक्त तोंड फिरलं. आणि ज्याच्याकडे बोट दाखवून माझं समाधान करायचं, त्या खालच्या माणसानं आपलं समाधान कुठं शोधायचं?

शुभवर्तमानात हा सल्ला मला सापडत नाही. तिथं जे सापडतं ते फार वेगळं आणि जरा कडूच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातला एक प्रसंग घेतो.

पेत्र हा सगळ्या शिष्यांत बोलका, पुढं पुढं करणारा. येशूला अटक झाली त्या रात्री, अटकेच्या थोडं आधी, त्यानं सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं की बाकीचे सगळे ढळले तरी आपण ढळणार नाही. या वाक्याची बांधणीच बघा. मी तुझ्यावर प्रेम करतो, एवढं म्हणून त्याचं भागत नाही. बाकीच्यांना खाली बसवल्याशिवाय त्याला उभं राहता येत नाही. त्याच रात्री मुख्य याजकाच्या अंगणात, थंडीत कोळसे पेटवून शेकत बसलेल्या नोकरांमध्ये उभं राहून, त्यानं येशूला ओळखत नसल्याचं तीनदा सांगितलं. आणि कोंबडा आरवला.

आता शेवटचा अध्याय. पुनरुत्थानानंतरची पहाट, गालीलचं सरोवर. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलेलं नाही. किनाऱ्यावरून कुणीतरी सांगतं, उजवीकडे टाका. एकशे त्रेपन्न मासे लागतात. आकडा मी घातलेला नाही, योहानानंच दिलाय. मासे मोजल्याशिवाय कोळी घरी जात नाही. किनाऱ्यावर येऊन बघतात तर पुन्हा कोळशाचा विस्तव, त्यावर मासे आणि भाकर. योहानानं ‘कोळशाचा विस्तव’ असा मुद्दाम उल्लेख दोनच ठिकाणी केलाय, त्या अंगणात आणि इथं. कोळशाच्या गावात बसून हे वाचताना मला दर वेळी हसू येतं, आणि मग येत नाही.

न्याहारी झाल्यावर येशू पेत्राला विचारतो, या सगळ्यांपेक्षा तू माझ्यावर अधिक प्रेम करतोस का? मुद्दाम त्याच दुखऱ्या जागी बोट. पेत्राचं उत्तर वाचताना बहुतेक जण पुढं निघून जातात. मी तिथं थांबतो. पेत्र म्हणतो की आपलं प्रेम आहे, हे प्रभूला ठाऊकच आहे. ‘या सगळ्यांपेक्षा’ याचा त्याच्या उत्तरात पत्ताच नाही. जो माणूस चार दिवसांपूर्वी बाकीच्यांना मोजून मग स्वतःला तोलत होता, त्यानं माप खाली ठेवलंय. त्यानं कसलं तंत्र वापरलं म्हणून ते सुटलेलं नाही. सगळ्यांसमोर पडल्यावर आणि त्याच माणसानं पुन्हा जेवायला बसवल्यावर ते सुटलं. येशूही पुढच्या दोन्ही वेळी ‘यांच्यापेक्षा’ हे शब्द गाळूनच विचारतो.

गोष्ट इथं संपली असती तर फार सोयीचं झालं असतं. पण योहान प्रामाणिक आहे. लगेच पुढं येशू पेत्राला त्याचं मरण कसं येईल ते सूचित करतो, आणि मागोमाग यायला सांगतो. पेत्र निघतो. दोन पावलं जातो न जातो तोच मागे वळून बघतो. मागून योहान येतोय. आणि पेत्र विचारतो, प्रभू, मग याचं काय? अहो, आत्ता तर माप खाली ठेवलं होतं! न्याहारीची भांडी अजून विसळली गेली नसतील.

येशूचं उत्तर जवळजवळ तोडून टाकणारं आहे. तो माझ्या येण्यापर्यंत राहिला तरी तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये, असा त्याचा आशय. तो पेत्राची समजूत काढत नाही. तुझं मरण जास्त मानाचं आहे असं म्हणत नाही, योहानाच्याही वाट्याला दुःख आहे असंही सांगत नाही. दुसऱ्याच्या वाट्याचा हिशेब पेत्राच्या हातात द्यायलाच तो नकार देतो. आणि परंपरा सांगते की दोघांचे वाटे खरोखरच सारखे नव्हते. पेत्र रोममध्ये क्रूसावर गेला, योहान इफिसात म्हातारा होऊन वारला.

माझं म्हणणं इथं आहे, ते एकदा सांगून टाकतो. ख्रिस्ती श्रद्धा सगळ्यांना सारखा वाटा देण्याचं वचन देत नाही, आणि तुलनेची खोड एकदाच कायमची काढूनही टाकत नाही. ती माणसाला असा एक जण देते, ज्याच्यासमोर त्याला ‘पेक्षा’ हा शब्द न वापरता उत्तर देता येतं. ते रोज नव्यानं द्यावं लागतं, कारण मान रोज मागे वळते.

यावर पहिला आक्षेप मी धानाच्या बांधीत ऐकला. सिंदेवाहीकडच्या एका गावी, पावसाळ्यात. रोवणीचे दिवस. बाया गुडघाभर चिखलात रांगेनं वाकलेल्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोप चिखलात खोचायचं आणि एक पाऊल मागे सरकायचं. दुपारी धुऱ्यावर शिदोऱ्या सुटल्या तेव्हा बोलता बोलता मी मत्तयातला द्राक्षमळ्याचा दाखला सांगितला. धनी पहाटे मजूर आणतो, एक दीनार ठरवून. एक दीनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी. मग नऊला, बाराला, तीनला आणखी आणतो. शेवटी पाच वाजता, तास उरला असताना, आणखी काहींना कामावर घेतो. संध्याकाळी पैसे वाटताना शेवटच्यांना आधी बोलावतो आणि त्यांच्या हातावर पूर्ण दीनार ठेवतो. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच.

एक जण ताडकन म्हणाली, “मंग आमी दिवसभर कंबर मोडली ते कायले?”

मी गप्प बसलो. बरोबरच बोलत होती ती. रोवणीला रोजीनं जा की गुत्त्यानं जा, बाईच्या हातात येणारा पैसा आणि तिची मोडलेली कंबर यांचा मेळ कधी बसलाय? तिला हा दाखला म्हणजे मालकाच्या लहरीची गोष्ट वाटली, आणि मालकाच्या लहरी तिनं पुष्कळ पाहिल्या आहेत.

पण तिच्या शेजारी बसलेली म्हातारी, जिनं रोवणी कधीच सोडली होती आणि सुनेची शिदोरी घेऊन आली होती, तिनं वेगळंच विचारलं. पाच वाजेपर्यंत त्या लोकांना कुणी का नेलं नव्हतं? दाखल्यात उत्तर आहे. धनी त्यांनाही हेच विचारतो, आणि कुणी कामच दिलं नाही, असं ते सांगतात. म्हातारी मान हलवून म्हणाली, बुढ्याले कोण नेते, लंगड्याले कोण नेते, आधी धडधाकटच भरतेत ट्रॅक्टरमदी. सगळं विवेचन तिथं संपलं. इतकी वर्षं दाखला वाचणाऱ्या मला त्या मजूर-अड्ड्यावर उरलेल्या माणसांचे चेहरे पहिल्यांदा दिसले. त्यांची भूकही दिवसाचीच होती, तासाची नव्हती. धन्यानं कामाचे तास मोजले नाहीत, संध्याकाळी चुलीवर काय शिजेल ते पाहिलं.

आणखी एक बारीक गोष्ट. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे देऊन घरी पाठवलं असतं तर ते खूष होऊन गेले असते. ठरलेलं सगळं मिळालं होतं. धन्यानं क्रम उलटा केला आणि त्यांना बघायला लावलं. दुसऱ्याचं बरं झालेलं डोळ्यांत खुपतं का, हे त्याला त्यांच्यापुढं उघडं करायचं होतं, असं मी समजतो. पहिल्या बाईच्या प्रश्नाला मात्र हे उत्तर पुरत नाही, आणि तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता जरा आपल्या भागातल्या माणसांकडे. नेहेम्या गोरे हे नाव आज चंद्रपुरात किती जणांना ठाऊक आहे? नीळकंठशास्त्री गोरे, जन्म १८२५, काशीत वाढलेले चित्पावन पंडित. ख्रिस्ती धर्माचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन बसले. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा हिंदी ग्रंथ. सहा दर्शनांचा असा अभ्यास असलेला ख्रिस्ती लेखक त्या काळी दुसरा दाखवणं कठीण. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरामागेही त्यांच्या लेखनाचा मोठा हात होता. १८७० च्या सुमारास स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चनं इथं चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, मिशन सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला काम करणाऱ्यांत हे गोरे होते. परकोट्याच्या आत, त्या धुळीत आणि त्या उन्हात, काशीचा हा पंडित.

या माणसाला लोक साधू मानत, आणि तो स्वतःला आयुष्यभर अपुरा मानत राहिला. शंका, संकोच, आपण लायक नाही ही टोचणी. संन्यस्त बंधूंच्या एका अँग्लिकन संघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण शेवटची व्रतं त्यांनी घेतलीच नाहीत. १८९५ मध्ये ते वारले तेव्हाही उमेदवारच होते. गोऱ्यांची तुलना शेजाऱ्याशी नव्हती. मनात कोरलेल्या एका पूर्ण संतमूर्तीशी ते रोज स्वतःला ताडत, आणि रोज हरत. श्रद्धा आली की तुलना गेली, असं जो सांगेल त्याला मी गोऱ्यांचं चरित्र वाचायला देईन. एवढी प्रखर श्रद्धा, आणि तरी माप हातात. तरीही त्यांनी काम टाकलं नाही. ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा मोलाची वाटते.

त्याच १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांची गोष्टही आपल्या बाजूनंच सुरू होते. नागपुरात ते धनिक बुटींच्या आश्रयानं होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्यानं त्यांना नवा करार दिला. राजनांदगाव म्हणजे गडचिरोलीच्या कोरचीपलीकडे, आपल्या धानाच्याच पट्ट्यातलं. तेव्हा टिळक स्वतःच एक नवा धर्म स्थापण्याच्या विचारात होते. डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना पकडलं. रानातल्या फुलांचं उदाहरण ज्यात आहे, तेच हे प्रवचन. डॅनिश विचारवंत किर्केगार्डनं १८४७ साली याच फुलांवर लिहिताना एक छोटी गोष्ट रचली आहे. एक पाखरू रानातल्या फुलाला दूरच्या थोर थोर फुलांच्या बातम्या सांगत राहतं आणि ते फूल काळजीत पडतं आणि शेवटी सुकून जातं. आज ते पाखरू आपल्या सगळ्यांच्या खिशात असतं आणि रात्री बारानंतर जास्त किलबिलतं. असो.

मला बोलायचंय ते टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंबद्दल. नवरा पंडित, कवी, वक्ता, गावोगाव नाव झालेला. बायको जेमतेम अक्षरओळख असलेली, अकराव्या वर्षी लग्न झालेली. त्यात नवरा ख्रिस्ती झाला आणि बाईंच्या वाट्याला वर्षानुवर्षांचा विरह आला. नवऱ्याच्या उंचीशी स्वतःला मोजून ही बाई खचली असती तर कुणी दोष दिला नसता. नवऱ्याच्या धर्मात आली तीसुद्धा स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेनं. बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. आणि ‘स्मृतिचित्रे’ उघडून बघा. १९३४ ते १९३६ च्या दरम्यान चार भागांत आलेलं हे पुस्तक. त्यात टिळकांपुढं ती लहान होत नाही, त्यांच्या विसराळूपणावर हसताना मोठीही होत नाही. दोघांवर सारखंच हसते. टिळकांसारखं लिहायचा तिनं यत्नच केला नाही; घरात बोलायची तसं लिहिलं. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूनं अर्धवट राहिलं, ते तिनंच पुढं लिहून काढलं. आज टिळकांच्या कविता वाचणारे थोडे उरले आहेत. ‘स्मृतिचित्रे’ मात्र अजून छापलं जातं. पण बघा, हे म्हणताना मीही तुलनाच केली! खोड अशी असते.

टिळकांनी चर्चमधली एक वेगळी तुलना ओळखली होती. मिशनरी वर, देशी सेवक खाली. इंग्रजी चाल पुढारलेली, अभंगाची चाल गावठी. १९१७ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनमधून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ काढला, त्याच्या मुळाशी हा सल होता. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. आपण पुरते ख्रिस्ती दिसावं म्हणून मराठीपण झाकायचं, आणि पुरते मराठी ठरावं म्हणून ख्रिस्तीपण लपवायचं, या दोन्ही लाचाऱ्या त्यांनी झुगारल्या.

आमच्या भागातल्या चर्चची अवस्था काय आहे? १९६२ पासून सिरो-मलबार चर्चचं काम चांद्याला सुरू झालं. केरळचे फादर आणि सिस्टर आले, शाळा-दवाखाने उभे राहिले, आणि १९७७ मध्ये चांदा हा धर्मप्रांत झाला. सिरोंच्याकडे मेथडिस्टांचं जुनं काम, तेलुगू बोलणारी मंडळी. कोळसा आणि रेल्वेच्या निमित्तानं बल्लारपूरला तमिळ, तेलुगू, मल्याळी, झारखंडी सगळे आले. एका बाकावर चार भाषा. आणि चार भाषांत एकच प्रश्न: वर्गणी कुणाची जास्त, पहिल्या बाकावर कोण, आजोबांपासून ख्रिस्ती कोण आणि परवाचा कोण. कुणाचा मुलगा सेमिनरीत आणि कुणाचा दारूत. बाहेरच्या जातीच्या उतरंडीतून सुटलो म्हणून गाणी गायची आणि आत आपली वेगळी उतरंड रचायची, हा आमचा जुना उद्योग आहे. तो इथं जाहीर बोलतोय, म्हणून आमचे काही लोक रागावतील.

आता त्या बांधीतल्या बाईकडे. तुलना सोडा, हे कुणी कुणाला सांगावं? आपल्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचा शेतकरी. १९८३ पासून एका वेगळ्या लोंबीवर नजर ठेवून, निवडत निवडत त्यांनी तांदळाचा जो वाण काढला, तो हातावरच्या घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून देशभर गेला. व्यापारी गब्बर झाले. दादाजींना श्रेयासाठी आणि मोबदल्यासाठी म्हातारपणापर्यंत झगडावं लागलं, आणि २०१८ मध्ये ते हलाखीतच गेले. या माणसाला जाऊन, दुसऱ्याच्या ताटाकडे बघू नका, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला निर्लज्ज म्हटलं असतं. दादाजी हेवा करत नव्हते. आपलं मागत होते.

हा फरक नीट धरला पाहिजे. दुसऱ्याला मिळालं याचं दुःख होणं वेगळं, आणि माझं हिरावलं याचा जाब विचारणं वेगळं. ठेकेदाराचा मजूर त्याच कामाला तोच दाम मागतो तेव्हा त्याला पेत्राची गोष्ट ऐकवू नका. त्याच्याबरोबर लेबर ऑफिसला जा. याच शहरात १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी. लाखो माणसांनी त्या दिवशी एक मोजपट्टी मोडून टाकली, आणि ती मोडायला तुलना करावीच लागली होती: यांना पाणी आहे, मग आम्हाला का नाही? ज्याला कुणी आजवर मोजणीतच धरलं नव्हतं, त्याच्यापुढं तुलना सोडण्याचं प्रवचन करणं हे सुखवस्तूंचं काम आहे. ख्रिस्ती माणसानं ते करू नये.

पण जाब विचारून झाल्यावर, हक्क मिळाल्यावर किंवा न मिळाल्यावरही, रात्री माणूस एकटा असतो. तेव्हा शेजाऱ्याचा दुसरा मजला डोळ्यांपुढं येतो. मोर्चा तिथं पोचत नाही. त्या वेळेसाठी आमच्या जुन्या लोकांनी एक गोष्ट शिकवली आहे, ती सांगतो: ज्याचं डोळ्यांत खुपतं त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. ‘सगळ्यांचं भलं कर’ असं मोघम चालत नाही, नाव घ्यायचं. त्याच्या पोराच्या परीक्षेसाठी, त्याच्या बायकोच्या शुगरसाठी. पहिल्या रात्री शब्द घशाखाली उतरत नाहीत. करून बघणाऱ्यांनी मला सांगितलंय की काही दिवसांनी त्या माणसाच्या घरातली काळजी दिसायला लागते, आणि काळजी दिसली की दुसरा मजला जरा लहान होतो. याहून मोठा दावा मी करत नाही. दुसरी गोष्ट प्रभुभोजनाची. वेकोलिचा अधिकारी आणि ठेकेदाराचा मजूर एकाच रांगेत येतात, तेवढाच तुकडा घेतात. चर्चचं फाटक ओलांडलं की ते दोघं पुन्हा परमनंट आणि ठेकेदारी होतात, हे मला ठाऊक आहे. तरी आठवड्यातून एकदा ती रांग लागते, आणि रांगेतल्या परमनंट माणसाला शेजारच्याचा पगार आठवून लाज वाटली, तर त्याच लाजेतून पुढचं काही काम होऊ शकतं.

आता एक मागणं आणि मी बसतो. हे चर्चच्या पंचांना आहे, तसंच बुद्धविहाराच्या समितीला, गोंडवाना भागातल्या समाजमंडळांना, तेली, कुणबी, माळी, सगळ्या समाजांच्या मंडळांना आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की आपण गुणवंतांचा सत्कार ठेवतो. फ्लेक्स लागतो, टक्के माईकवरून वाचले जातात, शाल-श्रीफळ होतं. त्याच सभागृहात मागच्या खुर्च्यांवर नापास झालेलं पोरगं बसलेलं असतं. आईनं ओढून आणलेलं असतं म्हणून. या वर्षी टक्के वाचू नका. परीक्षेला बसलेल्या सगळ्या मुलांना, पास, नापास, एटीकेटी, सगळ्यांना एकत्र पुढं बोलवा, एकेकाचं नाव घ्या, आणि तुमच्या तुमच्या रीतीनं आशीर्वाद द्या. फ्लेक्सचे वाचलेले पैसे नापासांच्या पुरवणी परीक्षेच्या फीला द्या. निकाल लागायला अजून वेळ आहे. पुढच्या बैठकीत ठराव करून घ्या.